पायघड्या आणि हक्कसोड

९ जानेवारी आला, प्रवासी भारतीय दिवसाच्या बातम्या सुरू झाल्या, की आमच्या घरच्या ग्रुपवर दादाचा ठरलेला मेसेज येतो : 'जे देश सोडून गेले त्यांच्यासाठी पायघड्या कशाला?' खाली लगेच पाच-सहा अंगठे.

गप्प बसायचं मी दरवेळी ठरवते. यंदाही लिहिलंच. म्हटलं, इथलं, ऑस्ट्रेलियाचं सरकार बघ. भारतात उच्चायुक्त राहिलेले पीटर वर्गीस, आईवडील मूळचे केरळचे, त्यांनी २०१८ मध्ये जाडजूड अहवाल दिला : २०३५ पर्यंत भारताशी व्यापार कसा वाढवायचा. त्यात इथले भारतीय म्हणजे ठेवा. २०२२ च्या डिसेंबरात व्यापार करार लागू झाला. भारताशी संबंध वाढवायला खास केंद्र काढलं, तेही राजधानी कॅनबेरात नाही, सिडनीच्या परामाटात, आपल्या माणसांत. शिष्यवृत्त्यांचं नाव चक्क 'मैत्री'. आणि आपण काय देतो? ओसीआय कार्ड, परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीयांसाठीचं. मत नाही, शेतजमीन विकत घ्यायची नाही.

बरं वाटलं लिहून. जे लिहिलं नाही ते असं, की ही माया कोळशाची, मसुराची आणि वाईनची आहे हे मलाही कळतं. २०२१ च्या जनगणनेत भारतात जन्मलेले पावणेसात लाखांच्या घरात गेले, चीनला मागे टाकून इंग्लंडखालोखाल दुसरे. त्यानंतर दिवाळीला येणारे मंत्री जरा जास्तच वाकून नमस्कार करतात. आणि ३१ ऑगस्ट २०२५ च्या रविवारी स्थलांतरितांविरुद्ध मोर्चे निघाले, पत्रकात भारतीयांचं नाव घेऊन, तेव्हा मी मुलीला ट्रेननं सिटीत जाऊ दिलं नाही. कारण सांगितलं अभ्यासाचं. हे ग्रुपवर कसं टाकणार? दादाला आयतं कोलीत.

दादाचं उत्तर आलं, 'ते सगळं ठीक. हक्कसोडपत्राचं काय झालं?'

तो चुकत नाही. आईचं आजारपण त्यानं काढलं, विहिरीची मोटर तोच बघतो. मी दोन वर्षांतून एकदा येते आणि आमरस खाऊन जाते. माझ्या वाट्याच्या दीड एकराचं मला करायचंय तरी काय? पण बाबा गेल्यावर वारसनोंद झाली तेव्हा सातबाऱ्यावर माझं नाव लागलं. पासपोर्ट जमा केल्यापासून तिकडच्या सरकारी कागदावर मी 'परदेशी' नाही अशी तेवढी एकच जागा उरलीय.

कागद आठ महिने ड्रॉवरमध्ये आहे. सही वकिलातीत जाऊन करायची, अर्ध्या दिवसाचं काम. काल दादाला कळवलं, ऑफिसातून सुट्टी मिळत नाहीये.

एकवीस दिवसांची रजा साठलीय.