एम-पेसा हे ॲप नव्हतंच

विकसनशील देशात धंद्याला आता ना भांडवल लागतं ना माणसं, नेट तर सगळीकडे आहे. केनियातल्या एम-पेसासारखं, म्हणजे फोनवरून पैसे पाठवायच्या सेवेसारखं, एक ॲप काढा, दोन लाख कुटुंबांची गरिबी हटते. हा मेसेज आमच्या भाच्यापर्यंत पोचला, आणि तो राजीनामा लिहायला बसला. म्हणून हा खटाटोप.

२००७ साली सफारीकॉम या केनियातल्या मोबाइल कंपनीने एम-पेसा आणलं ते साध्या बटणांच्या फोनवर. सिमकार्डातच बसवलेला मेनू आणि पैसे आल्याचा एसएमएस, बस. भांडवल म्हणाल तर मूळ प्रयोगात ब्रिटिश सरकारचा विकासनिधी होता आणि व्होडाफोनचाही पैसा होता.

'माणसं लागत नाहीत' हे वाचून मात्र डोकंच फिरलं. ही सेवा चालते एजंटवर, म्हणजे रोख घेऊन गिऱ्हाइकाच्या फोनवर पैसे भरणाऱ्या आणि फोनवरच्या पैशांची रोकड देणाऱ्या दुकानदारावर. त्याच्याकडे दोन शिलका असतात: गल्ल्यातल्या नोटा आणि फ्लोट, म्हणजे त्याच्या फोनमधले पैसे. गिऱ्हाइकाने पैसे भरले की फ्लोट घटतो, काढले की नोटा घटतात. शहरातली माणसं गावी पैसे पाठवतात, त्यामुळे गावच्या एजंटच्या नोटा आधी संपतात. मग दुकानाला कुलूप लावून तो फ्लोटच्या बदल्यात रोकड आणायला जातो. तो परतेपर्यंत सर्व्हर ठणठणीत आणि गिऱ्हाईक रिकाम्या हाताने दारात.

'दोन लाख' आले कुठून? तवनीत सुरी आणि विल्यम जॅक या अर्थतज्ज्ञांनी २०१६ मध्ये 'सायन्स' या संशोधन-पत्रिकेत अंदाज मांडला, की एम-पेसामुळे सुमारे १,९४,००० कुटुंबं, म्हणजे केनियातली २ टक्के, गरिबीतून वर आली. पण त्यांनी तुलना कशाची केली? घराच्या आसपास एजंट किती वाढले याची! मेसेज लिहिणाऱ्याने आकडा तेवढा उचलला. दक्षिण आफ्रिकेत हेच एम-पेसा २०१० मध्ये आलं आणि २०१६ मध्ये गुंडाळलं गेलं, हेही त्याने गाळलं.

सर्व्हर विकत घ्यावे लागत नाहीत, क्लाउडवर भाड्याने मिळतात, एवढं मान्य. पण बिल बऱ्याचदा डॉलरमध्ये येतं. देशाचं चलन घसरलं की एकही गिऱ्हाईक न वाढता खर्च वाढतो.

राहिलं 'नेट सगळीकडे आहे'. असेल, पण ते मध्येच तुटतं. पैसे गेले की नाही कळत नाही, माणूस पुन्हा बटण दाबतो आणि रक्कम दोनदा कापली जाते. म्हणून व्यवहाराचा क्रमांक फोनवरच, विनंती पाठवण्याआधी तयार करावा. पुन्हा पाठवताना तोच जावा, आणि सर्व्हरने तो आधी आलाय का हे तपासावं. भाच्याने आधी एवढं करून बघावं: विनंती गेल्या गेल्या नेट बंद करायचं, मग चालू करून बटण तीनदा दाबायचं. रक्कम एकदाच गेली पाहिजे.