8 सेकंदांचं लक्ष आणि 300 शब्दांचं पान : वेबसाइट लिहिणाऱ्यांना सांगितल्या जाणाऱ्या एका दाव्याचा प्रतिवाद

‘माणसाचं लक्ष 2000 साली 12 सेकंद टिकायचं, आता 8 सेकंदांवर आलंय. गोल्डफिशचं 9 सेकंद टिकतं.’ व्हॉट्सॲप गटांत आणि मार्केटिंगच्या कार्यशाळांत हे वाक्य वर्षानुवर्षं फिरतंय. त्याच्या मागोमाग वेबसाइटसाठी ठरलेल्या सूचना येतात. पान 300 शब्दांच्या आत ठेवा, मजकुरापेक्षा मोठे फोटो आणि व्हिडिओ टाका, कीवर्ड (लोक शोधताना टाइप करतात ते शब्द) पेरा आणि मराठी पान हवं असेल तर इंग्रजीचं यंत्राकडून भाषांतर करून घ्या. छोटे व्यावसायिक या सूचनांवर पैसे खर्च करतात, वेबसाइट देखणी होते आणि तरी फोनवर तेच ते प्रश्न येत राहतात. म्हणून एकेक मुद्दा तपासायला हवा. उदाहरणाला बागेतून थेट हापूस विकणाऱ्याचं पान घेऊ.

‘लक्ष 8 सेकंदच टिकतं’

हा आकडा जगभर पोचवला तो मायक्रोसॉफ्टच्या कॅनडा शाखेच्या 2015 सालच्या एका अहवालाने. अहवालात त्यांनी स्वतः केलेली पाहणी होती, पण 12, 8 आणि 9 हे आकडे त्या पाहणीतले नव्हते. ते ‘स्टॅटिस्टिक ब्रेन’ नावाच्या संकेतस्थळावरून घेतले होते. बीबीसीने 2017 मध्ये त्यांचा माग काढला, तेव्हा त्या संकेतस्थळाने ज्यांचे दाखले दिले होते त्यांच्याकडेही या आकड्यांना आधार देणारं संशोधन सापडलं नाही. गोल्डफिशबद्दलचं वाक्यही निराधार आहे. स्मरणशक्तीच्या प्रयोगांसाठी संशोधक हाच मासा कित्येक दशकं वापरत आले आहेत, कारण तो शिकतो आणि शिकलेलं लक्षात ठेवतो.

आकडा खरा धरला तरी पुढची सूचना त्यावर उभी राहत नाही. इंग्रजीत मनातल्या मनात वाचण्याचा सरासरी वेग मिनिटाला साधारण 240 शब्द आहे. त्या हिशेबाने 8 सेकंदांत 32 शब्द होतात आणि 300 शब्दांना सव्वा मिनिट लागतं. लक्ष खरोखर 8 सेकंदांचं असतं तर 300 शब्दांचं पानही कुणी पूर्ण केलं नसतं.

‘वेबसाइटवर कुणी वाचतच नाही’

यात अर्धं तथ्य आहे, म्हणून हा मुद्दा जास्त काळजीने घ्यायला हवा. वेबसाइट वापरायला किती सोप्या असतात याचे अभ्यासक जेकब नील्सन यांनी 1997 मध्ये नोंदवलं की त्यांच्या चाचणीतले 79 टक्के लोक नवं पान समोर आलं की ते आधी नजरेने चाळतात आणि शब्दन्‌शब्द वाचणारे फक्त 16 टक्के असतात. पुढे मायक्रोसॉफ्टच्याच संशोधकांनी 2 लाखांहून अधिक पानांवरचा वाचकांचा वावर तपासला. त्यात दिसलं की पान सोडून जाण्याचा धोका पहिल्या 10 सेकंदांत सर्वांत जास्त असतो, आणि त्यातून टिकलेला वाचक जितका पुढे जातो तितका तो धोका कमी होत जातो.

म्हणजे सुरुवातीच्या सेकंदांत लक्ष संपत नाही, निवड होते. मंडईत आपण गाळ्यासमोरून जाताना एक नजर टाकतो. हवी ती भाजी दिसली नाही तर पुढे जातो, आणि दिसली की मग निवडून, भाव करून दहा मिनिटंही थांबतो. वाचकही पान उघडल्यावर ‘माझ्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे का’ एवढंच आधी बघतो. उत्तर वर दिसलं तर तो खाली उतरतो.

‘आमच्या साइटवर लोक थांबतच नाहीत’ हे ज्या तक्त्यांवरून सांगितलं जायचं, त्यांच्यातही एक खोट होती. वेबसाइटवरच्या भेटी मोजणाऱ्या गूगल ॲनालिटिक्सच्या जुन्या आवृत्तीत पानावरचा वेळ म्हणजे त्या पानाच्या आणि त्यानंतर उघडलेल्या पानाच्या नोंदींमधलं अंतर. कुणी एकच पान पाच मिनिटं नीट वाचून, त्यावरचा नंबर बघून फोन लावला आणि पान बंद केलं, तर त्या भेटीचा वेळ शून्य लागायचा. 1 जुलै 2023 पासून त्या जुन्या आवृत्तीत सर्वसाधारण खात्यांचा नवा डेटा घेणं बंद झालं. आताची आवृत्ती पान पडद्यावर प्रत्यक्ष समोर असण्याचा वेळ मोजते आणि 10 सेकंदांपेक्षा जास्त टिकलेली भेट ‘गुंतलेली’ धरते. वाचक पान 90 टक्के उतरला की तशी नोंदही होते. 25, 50 आणि 75 टक्क्यांच्या नोंदी गूगलच्याच टॅग मॅनेजर या साधनातून लावून घ्याव्यात. कुठल्या परिच्छेदाशी लोक गळतात ते त्यावरून कळतं.

‘पान 300 शब्दांच्या आत ठेवा’

शब्दांची अशी मर्यादा गूगलने कधी घातलेली नाही. ठरावीक शब्दसंख्येला आम्ही पसंती देत नाही, हे त्यांनीच आपल्या मार्गदर्शनात लिहिलंय. पानाची लांबी प्रश्नावरून ठरते. आंब्याच्या पानावर बहुधा हे वाक्य असतं :

‘आमच्याकडे उत्कृष्ट दर्जाचे, अस्सल व नैसर्गिकरीत्या पिकवलेले हापूस आंबे माफक दरात मिळतील. ग्राहकांचे समाधान हेच आमचे ध्येय.’

हे 300 शब्दांच्या आत आहे, पण ग्राहकाच्या एकाही प्रश्नाला त्यात उत्तर नाही. आता हे बघा :

‘देवगड हापूस, 5 डझनांची पेटी. एक फळ 220 ते 250 ग्रॅम. फळ तयार पण कडक असताना पाठवतो. पेटी मिळाल्यावर 4 ते 6 दिवसांत पिकतं. पुणे आणि मुंबईत घरपोच, परदेशात पाठवत नाही. फळात साका निघाला तर कापलेल्या फळाचा फोटो 48 तासांत पाठवा, तेवढ्या फळांचे पैसे परत.’

आकडे नमुन्याचे आहेत, आपल्या मालाचे घालावेत. (साका म्हणजे आतला गर स्पंजासारखा होऊन बिघडणं.) या परिच्छेदाला अर्धं मिनिटसुद्धा लागत नाही आणि ग्राहकाला निर्णय घेता येतो. त्याच्या खाली मात्र मजकूर लांबवायला अजिबात भिऊ नये. पेटी उघडल्यावर काय करायचं ते पायरीपायरीने लिहा. फळं मोकळी करून पेंढ्यात एका थरात मांडायची, म्हणजे अढी लावायची. देठाशी मऊ लागणारी किंवा डाग पडलेली आधी वेगळी काढायची, कारण एक सडलं की शेजारच्यांना लागतं. रोज एकदा अढी बघायची. पिकण्याआधी फ्रिजमध्ये ठेवायची नाहीत, कारण थंडीने पिकणं अडतं आणि चव बिघडते. कार्बाइड वापरत नाही असं लिहिताना कॅल्शियम कार्बाइडने फळं पिकवायला अन्नसुरक्षा नियमांत बंदी आहे हेही सांगा, आणि तुम्ही काय वापरता तेही.

साक्याचा उल्लेख टाळायचा मोह होतो. पण साका बाहेरून दिसत नाही आणि हापूस घेणाऱ्या जुन्या ग्राहकाला तो ठाऊक असतो. पानावर त्याबद्दल चकार शब्द नसेल तर त्याच्या मनात शंका येते, आणि भरपाईचा नियम स्पष्ट दिसला की तिथेच विश्वास बसतो.

हे प्रश्न अंदाजाने काढायचे नाहीत. मागच्या हंगामातले व्हॉट्सॲपवरचे 100 निरोप उघडावेत, प्रत्येकातला प्रश्न ग्राहकाच्याच शब्दांत एका तक्त्यात उतरवावा आणि सारखे प्रश्न एकत्र करावेत. सर्वांत जास्त वेळा आलेले पाच प्रश्न फोनच्या पहिल्या पडद्यावर, उरलेले उपशीर्षकांखाली. ‘आमची वैशिष्ट्यं’ या उपशीर्षकापेक्षा ‘पेटी किती दिवसांत पोचते?’ हे शतपटीने कामाचं, कारण चाळणारी नजर उपशीर्षकांवरच थांबते.

याच तक्त्यातून वाचकांचे वेगवेगळे गटही दिसतात. घरच्यासाठी एक पेटी घेणाऱ्याला पिकण्याची तारीख हवी असते. कार्यालयात वाटायला 40 पेट्या घेणाऱ्याला पक्कं बिल आणि एकाच दिवशी पोच लागते. अमेरिकेत किंवा आखातात राहून पुण्यातल्या आईवडिलांसाठी पेटी नोंदवणाऱ्याला परदेशी कार्ड चालेल का ते कळायला हवं, आणि अर्जात दोन फोन नंबर लागतात, पैसे भरणाऱ्याचा आणि पेटी घेणाऱ्याचा. फोनची जागा फक्त 10 आकडी भारतीय नंबर घेत असेल तर हा ग्राहक पैसे हातात घेऊन परत जातो. ‘सर्वांसाठी’ लिहिलेल्या पानात या तिघांपैकी कुणाचीच सोय होत नाही.

‘मजकुराऐवजी फोटो आणि व्हिडिओ’

फोटो हवेतच, पण त्यांनी काही सांगायला हवं. पेटीतल्या फळांचा वरून घेतलेला फोटो आणि हातात धरलेलं एक फळ, एवढ्यावरून आकाराचा अंदाज येतो. फोनमधून काढलेला 4-5 एमबीचा फोटो तसाच चढवला की पान रखडतं. मुख्य फोटो अडीच सेकंदांच्या आत दिसावा असा गूगलचा निकष आहे. रुंदी 1200 पिक्सेल करावी, वेबपी (WebP) या हलक्या फाइल-स्वरूपात 75-80 गुणवत्तेवर जतन करावा. फाइल बहुतेक वेळा 200 केबीच्या आत बसते. इथे एक चूक सर्रास होते. सगळ्या फोटोंना ‘लेझी लोडिंग’ (वाचक खाली पोचेपर्यंत फोटो न उतरवण्याची सोय) लावताना वरच्या मुख्य फोटोलाही ते लागतं आणि तोच उशिरा उमटतो. वरच्या फोटोवरून ते काढून टाकावं.

सर्वांत घातक म्हणजे भाव आणि तारखा फोटोतच लिहून टाकणं. मग तो मजकूर कॉपी होत नाही, फोनवर बारीक दिसतो, अंध वाचकाचं स्क्रीनरीडर तो वाचत नाही आणि भाव बदलला की नवा फोटो होईपर्यंत जुनाच झळकत राहतो. व्हिडिओत अढी लावायची पद्धत दाखवायची असेल तर जरूर दाखवा, पण त्याच पायऱ्या खाली मजकुरातही हव्यात.

‘कीवर्ड पेरा’

कीवर्डचा मेटा टॅग (पानाच्या कोडमध्ये लपलेली कीवर्डची यादी) शोधातल्या क्रमवारीसाठी वापरत नाही, हे गूगलने 2009 मध्येच जाहीर केलं. मजकुरात ‘बेस्ट हापूस आंबा पुणे’ दहादा कोंबणं तर त्यांच्या स्पॅम नियमांतच मोडतं. लोक कुठल्या शब्दांनी शोधतात ते गूगलच्या सर्च कन्सोल या साधनात बघून घ्यावं. मराठी माणूस ‘hapus’ हा शब्द रोमन लिपीतही टाइप करतो आणि देवनागरीतही. पानाचं शीर्षक स्वच्छ देवनागरीत आणि पानाचा वेबपत्ता (URL) सोप्या रोमन अक्षरांत ठेवला की दोघांची सोय होते.

‘मराठी पान यंत्राकडून करून घ्या’

यंत्राचा मसुदा मदतीला घ्यायला हरकत नाही; माणसाने न तपासता तो तसाच चढवणं हा घात आहे. इंग्रजीतल्या ‘अनराइप मँगो’चा ‘कच्चा आंबा’ झाला की मराठी वाचकाला कैरी समजते. बागायतदार अशा कडक पण पिकायला आलेल्या फळाला ‘तयार फळ’ म्हणतो. ‘बॉक्स’चा ‘खोका’ होतो, बाजारात ‘पेटी’ म्हणतात. ‘स्पंजी टिश्यू’ म्हणजे साका, पण त्याची ‘स्पंजी ऊती’ होते आणि ‘साका’ शोधणारा ग्राहक त्या पानावर कधी पोचतच नाही. भावावर आणि भरपाईवर विश्वास बसायचा असेल तर भाषा गाळ्यावरचीच हवी.

शब्द बरोबर असले तरी मराठी पान मांडणीत बिघडतं. इंग्रजीसाठी बनवलेल्या साच्यात अक्षरांमधलं अंतर वाढवलेलं असतं. देवनागरीत त्याने शिरोरेषा तुटते, म्हणून ते शून्य करावं. मात्रा, रफार आणि उकार एकमेकांवर चढू नयेत यासाठी ओळीची उंची अक्षराच्या 1.6 ते 1.8 पट ठेवावी, अक्षर 17-18 पिक्सेलचं. पानाच्या कोडमध्ये भाषा ‘मराठी’ अशी नोंदवावी, नाहीतर काही फॉन्ट ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे दाखवतात. जुन्या पत्रकातला मजकूर श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमधला असेल तर युनिकोडमध्ये बदलूनच चढवावा, आणि बदलताना ‘ऱ्या’ आणि ‘र्‍या’ यांची सरमिसळ झाली का ते बघावं, कारण दिसायला सारखे असूनही शोधताना ते वेगळे धरले जाऊ शकतात.

पान तयार झालं की ते तपासायला पाच माणसं पुरेत, मात्र ती आपल्या घरातली किंवा दुकानातली नकोत. हातात साधा फोन द्या, वायफाय बंद करा आणि विचारा, ‘आज पैसे भरले तर पेटी कधी येईल आणि फळ खराब निघालं तर काय?’ मग गप्प बसून बघा. बोट कुठे थांबतं, कुठे मागे फिरतं ते टिपा. तिघांना एकाच जागी उत्तर सापडलं नाही तर तो परिच्छेद वर घ्या आणि दुसऱ्या पाच जणांना दाखवा.