नव्वदीत हिमोग्लोबिन नऊ ‘नॉर्मल’ नसतं

व्हॉट्सअॅपवर फिरणारा मजकूर थोडक्यात असा: वय झालं की रक्त कमी होणारच, ऐंशीनंतर नऊ-दहा हिमोग्लोबिन नॉर्मल, बीट-गूळ द्या, म्हाताऱ्या जिवाला तपासण्यांचा छळ नको. शेवटच्या वाक्यात माया आहे, म्हणून बाकीचंही खपून जातं.

‘होणारच’? अमेरिकेतल्या मोठ्या सर्वेक्षणात ८५ च्या पुढच्या पुरुषांत साधारण चौथा हिस्सा आणि बायकांत पाचवा हिस्सा अॅनिमियाचा (रक्तात हिमोग्लोबिन कमी असण्याचा) निघाला. म्हणजे बहुतेकांना तो नव्हताच.

‘नॉर्मल’? ही समजूत एकेकाळी डॉक्टरांचीही होती. नेदरलँड्समधल्या लायडन शहरात ८५ किंवा अधिक वयाच्या ७५५ जणांचं हिमोग्लोबिन मोजून पुढची दहा वर्षं माग ठेवला. निष्कर्ष १९९९ मध्ये छापून आले. जागतिक आरोग्य संघटनेच्या मर्यादेखाली (पुरुष १३, बायका १२ ग्रॅम प्रति डेसिलिटर) असलेल्या बायकांत मृत्यूचा धोका १.६ पट, पुरुषांत २.३ पट. ‘ते मुळातच आजारी असतील’ म्हणावं, तर आपल्याला काही आजार नाही असं सांगणाऱ्यांतही तो दुपटीवर होता.

रक्त कमी म्हणूनच माणसं गेली, असं मात्र यातून ठरत नाही. पुष्कळदा अॅनिमिया हा आत चाललेल्या दुखण्याचा धूर असतो. म्हणून आकडा ओढूनताणून वर नेण्यातही अर्थ नाही. मधुमेह आणि किडनीचा विकार असलेल्यांचं हिमोग्लोबिन ते वाढवणाऱ्या इंजेक्शनांनी १३ पर्यंत नेऊन पाहिलं (२००९). आयुष्य वाढलं नाही, पक्षाघात जवळजवळ दुप्पट झाले.

बीट? १०० ग्रॅममध्ये लोह जेमतेम ०.८ मिलिग्रॅम. लाल रंगाचा लोहाशी संबंध नाही. शिवाय कमतरता लोहाचीच, हे कुणी ठरवलं? शाकाहारी घरात, किंवा वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन (मधुमेहाची गोळी) किंवा अॅसिडिटीच्या गोळ्या चालू असतील तर रक्त बनायला लागणारं बी-१२ जीवनसत्त्व कमी असू शकतं. किडनी थकलेली असू शकते. आणि लोह खरंच कमी असेल, तर ते जातंय कुठं? गुडघेदुखीच्या गोळ्या, रोजची अॅस्पिरिन, डांबरासारखी काळी शी (पोटात रक्त जात असल्याची खूण), हे आजोबा आपणहून सांगत नाहीत. विचारावं लागतं. परस्पर लोहाच्या गोळ्या सुरू केल्या तर आकडा सुधारतो आणि आतड्यात गाठ असेल तर ती वाढत राहते.

राहिला छळ. सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), फेरिटिन (लोहाचा साठा), बी-१२, क्रिएटिनिन (किडनीची तपासणी) या सगळ्याला एकदाच सुई टोचावी लागते. अंथरुणाला खिळलेल्या पंचाण्णव वर्षांच्या आजींची कोलोनोस्कोपी (मोठ्या आतड्याची दुर्बिणीतून तपासणी) करायची का, हा प्रश्न वेगळा. तो आजी, घरचे आणि डॉक्टर मिळून सोडवतील, आणि उत्तर ‘नको’ असं आलं तरी त्यात काही गैर नाही.