‘अंड्याशिवाय मऊ होतच नाहीत’ या अभिप्रायाला आमचं उत्तर

ताई, नमस्कार.

एक तारा देऊन तुम्ही चार तक्रारी लिहिल्यात. शनिवारी संध्याकाळी बारशाच्या जेवणासाठी नेलेल्या २४ गोड रोल्सना आंबूस वास होता. वरून ते पांढुरके होते. उरलेले रात्री फ्रीजमध्ये ठेवले तर सकाळी दगड झाले. आणि अंड्याशिवाय मऊ रोल होतच नाहीत, म्हणजे तुम्ही अंडं घालून शाकाहारी म्हणून विकता, ही फसवणूक आहे, काय घालता ते विचारलं तर कुणी सांगतही नाही. यातल्या पहिल्या दोन चुका आमच्या आहेत, तिसरी अर्धी आमची. चौथीतलं अंड्याचं म्हणणं आम्हाला मान्य नाही, म्हणून खाली सगळं मापासकट देतो.

आधी वासाचं. त्या दिवशी भट्टी दुसऱ्या मालात अडकली आणि थाळीत मांडलेले गोळे ठरल्यापेक्षा पाऊण तास जास्त फुगत राहिले. मे महिन्यातल्या गोव्यातल्या फोंड्याच्या दुपारी पाऊण तास म्हणजे फार झाला. यीस्ट काही आपल्यासाठी थांबत नाही. मद्यार्क आणि आम्ल साठत जातं, तोच तो वास. पिठातली जाळीही ताणून ताणून पातळ होते, मग रोल भट्टीत उचलत नाही आणि गार झाल्यावर सुरकुततो. बोटाने हलकं दाबलं की खड्डा सावकाश अर्धा भरून यावा. झटकन भरला तर अजून वेळ आहे, तसाच राहिला तर वेळ टळून गेली. तुमच्या रोल्सची टळली होती आणि ते काउंटरवर यायलाच नको होते. झालेला उशीर भरून काढायला दोन थाळ्या एकदम आत गेल्या, खालच्या थाळीला वरची आच पोचली नाही, म्हणून रंग आला नाही.

आता अंडं. बलकातली चरबी आणि लेसिथिन (चरबी आणि पाणी एकत्र धरणारा घटक) रोलला मऊ करतात, पांढरा भाग भाजताना घट्ट होऊन आकार धरतो, आणि वरून फासलं तर चकाकी येते. पण आकार धरायचं काम मैद्यातलं ग्लूटेन, म्हणजे वर सांगितलेली चिवट जाळी, करतंच, चरबी लोण्यातून येते. राहिला मऊपणा, तो मुख्यतः रोलमध्ये किती पाणी अडकून राहिलं यावर ठरतो. आपल्या पोदेराचा, म्हणजे गोव्यातल्या पाववाल्याचा, पाव घ्या, गोल उंडो घ्या, कोंड्याची पोई घ्या. अंडं कशातच नसतं आणि सकाळी ते काय सुरेख असतात! संध्याकाळपर्यंत कडक होतात, कारण त्यांत दूध-लोणी नसतं. ते त्याच दिवशी खायचेच पदार्थ आहेत.

पाणी अडकवायला आम्ही खळ करतो. मुलं पतंगाला लावतात तीच, फक्त पाण्याऐवजी दुधातली. २५ ग्रॅम मैदा १२५ मिली गार दुधात गुठळ्या न ठेवता कालवून मंद आचेवर ढवळत राहायचं. ६५ अंशांच्या आसपास ती एकदम दाटते, पळी फिरवली की तळ दिसतो. तिथेच उतरवायची, उकळू द्यायची नाही. शिजलेला स्टार्च कच्च्यापेक्षा कितीतरी जास्त पाणी धरतो. ही खळ पूर्ण गार झाल्याशिवाय पिठात घालू नका. घरी बिघडतं ते बहुतेक इथेच: गरम खळीने यीस्ट मरतं आणि दोष मैद्याला जातो.

बाकी माप १६ रोल्सचं. मैदा ४७५ ग्रॅम, दूध २१५ मिली, साखर ७० ग्रॅम, दूध पावडर २० ग्रॅम, इन्स्टंट यीस्ट ७ ग्रॅम, मीठ ८ ग्रॅम, लोणी ६० ग्रॅम. लोणी बाजारातलं खारवलेलं पिवळं असेल तर मीठ ७ ग्रॅमच. दूध एकदा उकळून गार केलेलं घ्या. कच्च्या दुधातली काही प्रथिनं ग्लूटेन सैल करतात. पावसाळ्यात मैदा आधीच ओल धरून असतो, तेव्हा शेवटचे १५ मिली दूध हातात राखून ठेवा. उन्हाळ्यात यीस्ट ५ ग्रॅम आणि दूध फ्रीजमधलं, म्हणजे मळून झालेलं पीठ २६-२७ अंशांवर राहतं. साखर मनाने वाढवू नका. ७० ग्रॅमलाच यीस्टची चाल मंदावते, कारण साखर पाणी ओढून घेते. १०० केलीत तर गोळे फुगायला आणखी बराच वेळ घेतील.

लोणी सोडून सगळं एकत्र करून आठ-दहा मिनिटं मळा, मग मऊ लोणी थोडं थोडं घालत आणखी दहा. सुरुवातीलाच लोणी घातलं तर ते मैद्याच्या कणांना माखतं आणि जाळी नीट बनत नाही. पीठ हाताला चिकटतंच. इथे बहुतेक जण घाबरून मैदा भुरभुरतात, आणि मग सुके रोल खात अंड्याची आठवण काढतात! मैदा नको, हाताला तेलाचं बोट लावा. छोटा तुकडा ताणून पलीकडचा उजेड दिसेल इतका पातळ पडदा न फाटता झाला की मळणं पुरे.

झाकून दुप्पट होईपर्यंत ठेवा. आपल्या हवेत पाऊण ते एक तास लागतो, पण घड्याळापेक्षा पिठाकडे बघा. हवा काढून साधारण ६० ग्रॅमचे गोळे करा, कडा खाली ओढून घट्ट वळा आणि थाळीत बोटभर अंतराने मांडा. फुगून एकमेकांना टेकले की बाजूंना कवच धरत नाही, तिथला मऊपणा त्यामुळेच. दुसरं फुगणं ३०-४० मिनिटं, बोटाची परीक्षा वर सांगितलीच. अंड्याऐवजी दुधात चिमूटभर साखर घालून वरून फासा. अंड्याइतकी चकाकी येत नाही, ते खरं आहे. १८० अंशांवर मधल्या खणात १८-२० मिनिटं. आतलं तापमान ९० झालं की काढा. पाच मिनिटं जास्त भाजलेला रोल दुसऱ्या दिवशी निश्चित कोरडा लागतो. बाहेर काढल्या काढल्या लोणी लावून सुती फडकं टाका.

आता दगडाविषयी. रोल कडक होतो तो फक्त सुकून नव्हे. भाजताना सैल झालेला स्टार्च गार झाल्यावर पुन्हा घट्ट रचला जातो, आणि हे सगळ्यात वेगाने होतं ते फ्रीजच्या थंडीत. खोलीतल्या हवेत पूर्ण गार करून घट्ट डब्यात ठेवले तर दुसरा दिवस मऊच जातो. त्यापुढे आपल्या दमट हवेत बुरशीचा भरवसा नाही, म्हणून जास्त ठेवायचे तर थेट फ्रीझरमध्ये. दगड झालेलेही सुधारतात: फडक्यात गुंडाळून मोदकपात्रात दोन-तीन मिनिटं वाफ द्या आणि लगेच वाढा, कारण गार झाले की पुन्हा आवळतात. हे आम्ही खोक्यावर लिहायला हवं होतं, तुम्हाला ठाऊक असेलच असं धरून चाललो. आता ‘फ्रीजमध्ये ठेवू नका’ असं ठळक छापलं आहे. घटकांची यादीही काउंटरवर लावली आहे. विचारूनही कुणी सांगितलं नाही, हे योग्य झालं नाही.

फसवणुकीचा शब्द तेवढा मागे घ्या. अन्नाच्या वेष्टनाच्या नियमांत अंडं मांसाहारात धरतात. ते घालून हिरवा ठिपका लावता येत नाही आणि आम्ही लावतही नाही. दूध-लोणी मात्र आहे, तेव्हा दूध न चालणाऱ्यांसाठी हे रोल नाहीत.

२४ रोल्सचे पूर्ण पैसे परत देतो, बिल हरवलं असलं तरी चालेल. पहिली थाळी सकाळी अकराला बाहेर येते, तेव्हा आलात तर आधी एक फोडून, हुंगून बघा आणि मगच घ्या. मंगळवारी बंद असतं.