काका, बुधवारी त्याला पन्हाळ्याला पळवू नका

नमस्कार काका. ‘शर्यतीआधीच्या शेवटच्या आठवड्यात पळणं निम्म्याहून कमी करा’ हे माझं सांगणं म्हणजे पोरांना आळस शिकवणं आहे, असं तुम्ही लिहिलंय. उभी हयात तालमीत गेलेल्या माणसाला ते खटकणारच. पण तुमचा पुतण्या येत्या रविवारी मुंबईत पहिल्यांदाच मॅरेथॉन, म्हणजे ४२.१९५ किलोमीटर पळणार आणि बुधवारी तुम्ही त्याला पन्हाळ्यापर्यंत पळवून ‘दम बघणार’, हे वाचून राहवलं नाही. कृपा करून असं करू नका.

पन्हाळा इथून, कोल्हापुरातून, वीसेक किलोमीटर. त्यात वाघबीळच्या पुढचा चढ मांड्या पिळून काढतो. एवढ्या पळण्यानं स्नायूंचे बारीक तंतू दुखावतात, साठवलेली साखर संपते, आणि हे भरून यायला तीन दिवस पुरत नाहीत. लांब पळण्याचा फायदा अंगी लागायला दहा-पंधरा दिवस जातात. म्हणजे रविवारी त्याच्या वाट्याला नुसता थकवा, फायदा मिळेल तो शर्यत होऊन गेल्यावर. दम बघायचा तो रंकाळ्याच्या फेऱ्यांत आणि विद्यापीठाच्या रस्त्यांवर महिनोन्‌महिने बघून झालाय. मैदानाच्या आदल्या दिवशी वस्ताद पैलवानाला दमवून टाकतात का, तुम्हीच सांगा.

आणि मी लोळत पडा म्हटलेलं नाही. मंगळवारी सहा-सात किलोमीटर, त्यातले शेवटचे दोन रविवारच्या वेगानं. गुरुवारी चार-पाच, अगदी निवांत. शनिवारी पंधरा-वीस मिनिटं पाय मोकळे करायचे. वेग पायांच्या ओळखीचा राहिला पाहिजे, अंतर मात्र कमी.

आता तांबडा-पांढरा. शुक्रवार-शनिवार तो बंद ठेवा म्हटल्यावर तुम्ही फारच चिडलात! मलाही रस्सा जिवापाड आवडतो. पण तिखट आणि तेल पोटात रेंगाळतं, आणि पहाटे शर्यतीच्या रांगेत पोट बिघडलं तर चार महिन्यांची मेहनत वाया. या दोन दिवसांत कर्बोदकं, म्हणजे अन्नातलं पिष्ट आणि साखर, वजनाच्या दर किलोमागे रोज ८ ते १० ग्रॅम लागतात. साठ किलोच्या पोराला जवळपास ५०० ग्रॅम. वाटीभर भातातून मिळतात जेमतेम ४० ग्रॅम! म्हणून मऊ भात-वरण, पोहे, बटाटा, केळी, गूळ असं दिवसभर थोडं थोडं खायला द्या. भाकरी आणि उसळी कमी, कारण चोथा नको. वजन किलो-दीड किलोनं वाढेल, घाबरू नका. साठणाऱ्या साखरेच्या दर ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी शरीरात राहतं, तेच ते वजन.

मुंबईची हवा दमट म्हणून त्याला बादलीभर पाणीही पाजू नका. अति पाण्यानं रक्तातलं सोडियम उतरतं, ते जिवावर बेततं. तहान लागेल तसं प्यावं.

गुरुवारच्या सुमारास तो म्हणेल, पाय जड झालेत, गुडघ्यात काहीतरी होतंय. पळणं कमी झालं की मन शरीरात दुखणी शोधत बसतं. त्याला जिना उतरायला सांगा. सरळ उतरला आणि दुखणं जागा बदलत असेल तर काळजी नाही. एकाच ठिकाणी दाबलं की कळ येत असेल, सूज असेल किंवा चालताना तो लंगडत असेल, तर वेदनाशामक गोळी देऊन मुंबईला पाठवू नका, आधी हाडांच्या डॉक्टरांना दाखवा.