पतंगाला पंक्चर

साताऱ्याच्या पोवई नाक्यावर "पतंग पंक्चर झालाय" असं मोठ्यानं म्हणू नये. मी परवा म्हणालो.

मोरजीमला काईटसर्फिंग, म्हणजे मोठ्या पतंगाच्या ओढीनं फळीवर उभं राहून समुद्रात घसरायला, शिकलो, तिथंच नऊ चौरस मीटरचा सेकंडहँड काईट, म्हणजे तो पतंग, घेतला आणि एप्रिलभर गाडीच्या डिकीत ठेवला. उन्हानं व्हॉल्व्हचा गोंद सुटला. ह्या काईटच्या पुढच्या कडेत पातळ टीपीयूची (हे एक लवचिक प्लास्टिक) वीसेक फुटी नळी असते. तिला ब्लॅडर म्हणतात, पण साताऱ्यात हा शब्द फक्त लघवीच्या डॉक्टरांकडं चालतो. हवा भरली की तोच पतंगाचा कणा. माझा अर्ध्या तासात मान टाकत होता.

पंक्चरवाल्यानं मावेल तेवढी नळी घमेल्यात बुडवली. उरलेली त्याच्या खांद्यावरून माझ्या गळ्यात. तेवढ्यात बाकड्यावरचे एक आजोबा चहाचा ग्लास घेऊन जवळ आले.

"ह्यो काय, अजगर?"

"पतंग आहे, आजोबा."

"पतंगात हवा भरत्यात?"

"हो."

"आन् मग हवेत उडवत्यात?"

"हो."

"आमच्या नातवाचा धा रुपयाचा कागुद नुसताच उडतुया की."

मी समजावलं. पाण्यात पडला तर बुडू नये, तिथूनच पुन्हा उडवता यावा, म्हणून हवा. फ्रान्समधल्या ब्रिटनीच्या लेगेन्यू बंधूंनी १९८४ साली ह्याचं पेटंट घेतलं, हेही सांगितलं. कशाला सांगितलं, देव जाणे.

"म्हंजी पडतुया."

"कधीकधी."

"कुटं, कन्हेरच्या धरणात?"

"समुद्रात. गोव्याला."

"आन् पंक्चर सातारला?"

प्रश्न बरोबर होता, म्हणून जास्त लागला. चाळकेवाडीला पवनचक्क्या फिरवण्याइतका वारा आमच्याकडं, समुद्र मात्र घाटापलीकडं. आणि पडण्याचं म्हणाल तर गेल्या खेपेला मी उडण्यापेक्षा पोहलोच जास्त. पण हे त्यांना का कळावं?

"आलं! बुडबुडं आलं!" आजोबा ओरडले. व्हॉल्व्हच्या बुडाशी. मला घरी साबणाच्या पाण्यानं दोन संध्याकाळी सापडलं नव्हतं. रिक्षाची वाट बघणारी चार माणसंही वाकून बघून गेली.

मग पंक्चरवाल्यानं कानस काढली. ट्यूबच्या रबराला धरणारं सोल्यूशन टीपीयूला धरत नाही, स्पिरिटनं पुसून नवा चिकटव्हॉल्व्ह लावावा लागतो, तो मी मागवलाय, मला फक्त भोक शोधून हवंय, हे मी तीनदा बोललो. "सायेब, ट्यूब ती ट्यूब," म्हणत त्यानं दोनदा घासलं. ठिगळ सोललेल्या सालीसारखं उचकटलं आणि शेजारी नवी चीर पडली.

पैसे दोन पंक्चरचे घेतले. एक उन्हानं केलेलं, एक त्याच्या कानशीनं. मी दिले. गळ्यात नळी असताना माणूस भांडणार तरी कसा? सुट्टे आजोबांनी मोजून दिले, आणि पाच रुपये कमी दिले.