बल्बचा रोध मोजला म्हणून ओहमचा नियम खोटा ठरत नाही

‘ओहमचा नियम पुस्तकात चालतो, घरातल्या वस्तूंवर नाही’ असं सांगणारा एक मजकूर सध्या जो तो पुढे पाठवतोय. (ओहमचा नियम म्हणजे, तारेतला करंट तिच्या दोन टोकांमधल्या व्होल्टेजच्या प्रमाणात वाढतो; व्होल्टेज भागिले करंट म्हणजे रोध.) त्यात चार दाखले आहेत. बल्बचा रोध मोजून वॉट काढले तर भलताच आकडा येतो. उष्णतेची दोन सूत्रं एकमेकांच्या विरुद्ध बोलतात. मोटरला हा हिशेब लागूच पडत नाही. आणि जर्मन शास्त्रज्ञ ओहमने हा नियम कागदावर बसूनच मांडला. पहिल्या तीन दाखल्यांतली निरीक्षणं खरी आहेत, त्यामुळे मजकूर पटतो. पण त्यावरून काढलेले निष्कर्ष साफ चुकीचे आहेत, आणि नुकतीच वीज शिकू लागलेली मुलं ते वाचून सूत्रांवरचा विश्वास गमावतात, हे मला फार खटकतं.

बल्बपासून सुरुवात करू. २३० व्होल्ट, १०० वॉटचा फिलामेंटचा बल्ब मल्टिमीटरला लावला की रोध ३८ ओहमच्या आसपास दिसतो. वॉट काढण्यासाठी व्होल्टेजचा वर्ग भागिले रोध केलं, की उत्तर येतं जवळपास १४०० वॉट. मजकूर म्हणतो, बघा, सूत्र फसलं! पण मीटरने मोजला तो थंड फिलामेंटचा रोध. बल्ब पेटतो तेव्हा टंगस्टनची ती तार २५०० अंश सेल्सिअसच्या घरात तापते आणि तिचा रोध कितीतरी पटींनी वाढतो. पेटलेल्या बल्बचाच हिशेब करा: १०० भागिले २३० म्हणजे ०.४३५ अँपिअर, आणि २३० भागिले ०.४३५ म्हणजे सुमारे ५२९ ओहम. थंड असतानाच्या चौदापट. ओहमचा नियम सांगतानाच ‘तापमान आणि इतर भौतिक परिस्थिती तीच राहिली तर’ अशी अट घातलेली असते, ती मजकुरातून गाळली आहे.

शिवाय तो १४०० वॉटचा आकडाही निरर्थक नाही. बटण दाबल्याच्या पहिल्या क्षणी तार थंडच असते, म्हणून करंट सहा अँपिअरच्या आसपास उसळू शकतो आणि तार तापताच झपाट्याने खाली येतो. जुना, झिजलेला बल्ब बहुधा बटण दाबतानाच उडतो, त्यामागे हा सुरुवातीचा धक्काही असतो. म्हणजे ज्या क्षणाचा रोध घातला, त्या क्षणाचं उत्तर सूत्राने अचूक दिलं.

आता ती ‘विरुद्ध बोलणारी’ सूत्रं. करंटचा वर्ग गुणिले रोध म्हणतं, रोध वाढला की उष्णता वाढते. व्होल्टेजचा वर्ग भागिले रोध म्हणतं, कमी होते. यातलं खरं कोणतं? दोन्ही. काय स्थिर आहे ते आधी बघायचं, इतकंच. १२ व्होल्टच्या बॅटरीला ६ आणि १२ ओहमचे रोध समांतर जोडा. दोघांवर व्होल्टेज सारखंच, म्हणून ६ ओहमवाला २४ वॉट खर्च करतो आणि १२ ओहमवाला १२ वॉट. तेच एकसर जोडा. आता दोघांतून करंट सारखाच, १२ भागिले १८ म्हणजे ०.६७ अँपिअर. ६ ओहमवर २.६७ वॉट, १२ ओहमवर ५.३३ वॉट. बाजी उलटली, पण दोन्ही सूत्रं वापरून पाहा, उत्तर एकच येईल. फक्त त्या रोधाच्या दोन टोकांमधलं व्होल्टेज घ्या, बॅटरीचं सगळं नव्हे. गल्लत नेमकी इथेच होते.

मोटरचा मुद्दा यात सगळ्यात चांगला, पण तोही अर्धाच सांगितलाय. समजा १२ व्होल्टची डीसी, म्हणजे बॅटरीसारख्या एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेवर चालणारी मोटर आहे, तिच्या वाइंडिंगचा, म्हणजे आतल्या तारेच्या गुंडाळीचा, रोध १ ओहम. १२ भागिले १ म्हणजे १२ अँपिअर यायला हवेत, आणि फिरताना मीटर दाखवतो २. कारण फिरती मोटर स्वतःच उलट दिशेने व्होल्टेज निर्माण करते, इथे १० व्होल्ट. वाइंडिंगच्या रोधावर उरतात २ व्होल्ट, आणि २ भागिले १ म्हणजे २ अँपिअर. मोटर घेते १२ गुणिले २ म्हणजे २४ वॉट. त्यातले ४ वॉट वाइंडिंग तापवतात, बाकीचे २० फिरण्याच्या कामी येतात. घर्षणाचा वाटाही त्यातूनच जातो. आता हाताने मोटर अडवा. उलटं व्होल्टेज शून्य, करंट १२ अँपिअर, आणि १४४ वॉट सगळेच्या सगळे उष्णतेत. जाम झालेली मोटर जळते ती यामुळे. व्होल्टेज भागिले करंट करून आलेले ६ ओहम म्हणजे वाइंडिंगचा रोध, असं धरणं ही चूक.

एसी, म्हणजे दिशा सतत बदलणाऱ्या घरातल्या विजेवर चालणाऱ्या मोटरमध्ये किंवा एलईडी दिव्यात आणखी एक गोष्ट येते. व्होल्ट आणि अँपिअरचा नुसता गुणाकार वॉट देत नाही, त्याला पॉवर फॅक्टरने, म्हणजे त्या गुणाकारातला किती भाग खरोखर वॉट म्हणून खर्च होतो ते सांगणाऱ्या आकड्याने, गुणावं लागतं. २३० व्होल्ट, ०.५ अँपिअर आणि पॉवर फॅक्टर ०.६ असेल तर ६९ वॉट, ११५ नव्हे.

राहिला ओहम कागदावर बसल्याचा आरोप. त्याचं प्रसिद्ध पुस्तक १८२७ चं आहे आणि ते गणिती आहे, हे खरं. पण त्याआधी त्याने तारा बदलून बदलून मोजमापं केली होती. तेव्हाच्या बॅटऱ्यांचं व्होल्टेज वापरताना घसरत जाई, म्हणून त्याने तांबं आणि बिस्मथ यांच्या जोडावर वीज तयार केली: एक सांधा उकळत्या पाण्यात, दुसरा वितळत्या बर्फात. दोन्ही तापमानं पक्की, म्हणून व्होल्टेजही स्थिर. मग वेगवेगळ्या लांबीच्या तारा जोडून, टांगलेली चुंबकीय सुई किती वळते यावरून त्याने करंट मोजला. ही मापनं १८२६ मध्ये छापून आली, पुस्तकाच्या आधी. सुरुवातीला त्याची फारशी कदर झाली नाही. लंडनच्या रॉयल सोसायटीने त्याला कोप्ली पदक दिलं ते १८४१ मध्ये.